रात्री आवळलेला बोल्ट सकाळी का तुटतो? स्टेनलेस स्टील आणि हायड्रोजन

हायड्रोजन स्टेनलेसला ठिसूळ करतो, या विषयाशी माझी ओळख ४२० ग्रेडच्या स्टेनलेसच्या रिटेनिंग क्लिपांनी (शाफ्टवरचा भाग जागेवर अडवून धरणाऱ्या कड्यांनी) करून दिली. क्लिपा कडक करून, टेम्पर करून (म्हणजे पुन्हा बेताने तापवून), वर निकेलचा थर चढवून आल्या होत्या. माप बरोबर, कडकपणा बरोबर. संध्याकाळी शाफ्टच्या खाचांमध्ये बसवल्या तेव्हा एकही तुटली नाही. सकाळी पाहिलं तर तुटलेल्या क्लिपांचे काही तुकडे टेबलावर पडलेले आणि काही खाचेतच अडकलेले. रात्रभर त्यांना कुणी हात लावला नव्हता. तुटलेल्या तोंडावर ना वाकल्याची खूण होती, ना गंजाचा डाग. दाणेदार, मिठाच्या बारीक खड्यांसारखं चमकणारं तोंड होतं.

त्या दिवसापासून नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगतो. ‘स्टेनलेस’ हा शब्द गंजाबद्दल बोलतो. हायड्रोजनपुढे तो धातू कसा वागेल हे त्या शब्दातून कळत नाही. ते ठरतं धातूच्या आतल्या रचनेवर, कडकपणावर आणि त्या तुकड्याच्या आजवरच्या प्रवासावर.

पहिली पायरी: आत काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा

हायड्रोजन वायूचा रेणू म्हणजे दोन अणूंची जोडी. ही जोडी धातूत शिरू शकत नाही, सुटा अणू मात्र शिरतो. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच: सुटे अणू कुठे तयार झाले?

ॲसिडच्या टाकीत पृष्ठभागावर हायड्रोजनचे आयन इलेक्ट्रॉन घेऊन अणू बनतात. त्यातले बहुतेक एकमेकांना भेटून जोडी जमवतात आणि बुडबुडा होऊन वर जातात. उरलेले थोडे आत उतरतात. हायड्रोजन सल्फाइड असलं की जोड्या जमण्यात अडथळा येतो आणि आत उतरणाऱ्यांची संख्या वाढते. तेल-वायूच्या विहिरींमध्ये हा वायू एवढा घातक ठरतो तो यामुळेच. दाबाखालच्या कोरड्या हायड्रोजनमध्ये वाट वेगळी आहे. तिथे रेणू स्वच्छ धातूला चिकटून फुटतो. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा त्याला बऱ्यापैकी अडवतो, पण भाराखाली धातू ताणला गेला की पापुद्रा तडकतो आणि तेवढ्या जागी ताजा धातू उघडा पडतो.

आत शिरलेला अणू स्वस्थ बसत नाही. अणूंची जाळी जिथे ओढली गेलेली असते तिथे त्याला जास्त जागा मिळते, म्हणून तो खाचेच्या मुळाशी, भेगेच्या टोकाशी, कणांच्या (धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या) सीमांवर गोळा होतो. तिथे तो दोन प्रकारे नुकसान करतो. एकतर अणूंमधला बंध सैल करतो. दुसरं म्हणजे जाळीतल्या दोषरेषांची हालचाल त्या इवल्याशा जागेत सोपी करतो, त्यामुळे सगळी विकृती एका पट्ट्यात साठते आणि धातू तिथेच फाटतो. कुठे पहिला प्रकार वरचढ ठरतो, कुठे दुसरा, आणि पुष्कळदा दोन्ही हातात हात घालून चालतात. नवख्याने या वादात फार अडकू नये. लक्षात ठेवायचं ते प्रमाण: कडक पोलादाला वजनाच्या दशलक्ष भागांत एखाद-दोन भाग हायड्रोजनसुद्धा पुरतो.

हे ज्ञान नवं नाही. विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याची नोंद मांडली. ॲसिडमध्ये काही मिनिटं बुडवलेली लोखंडी तार एकदा वाकवताच तुटायची, आणि तुटलेलं तोंड ओलं केलं की त्यावर बारीक फेस यायचा. काही काळ तशीच ठेवली की तारेचा चिवटपणा परत यायचा. हायड्रोजन बाहेर निघून गेला की धातू सावरतो, मात्र तोवर आत भेग पडलेली नसली तरच. पुढे बेकिंगबद्दल, म्हणजे भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढण्याबद्दल, जे सांगणार आहे त्याचं मूळ या निरीक्षणात आहे.

दुसरी पायरी: तुमच्या हातातलं स्टेनलेस कुठल्या घराण्यातलं आहे?

इथे घाई करू नका. पुढचा सगळा निर्णय यावर अवलंबून आहे. घराणी ओळखतात ती आतल्या अणूंच्या मांडणीवरून. मार्टेन्साइट, फेराइट, ऑस्टेनाइट ही त्या मांडण्यांची नावं, आणि ४१०, ३०४ सारखे आकडे म्हणजे ग्रेड.

मार्टेन्सिटिक घराणं म्हणजे ४१०, ४२०, ४४०सी. उष्णतेने कडक होणारं, चुंबकाला चिकटणारं. धोका इथे सर्वाधिक, आणि कडकपणा वाढेल तसा वाढत जाणारा. अवक्षेपण-कठोर (प्रेसिपिटेशन हार्डनिंग, म्हणून ‘पीएच’) घराण्यातलं १७-४ पीएच याच्या शेजारी बसतं. त्याची एच९०० अवस्था, म्हणजे सुमारे ४८२ अंश सेल्सिअसला एजिंग केलेली (त्या तापमानाला ठेवून मजबूत केलेली), सर्वात मजबूत आणि हायड्रोजनपुढे सर्वात दुबळी. तोच धातू एच११५०, म्हणजे ६२१ अंशांना एजिंग केला की मजबुती उतरते पण सहनशक्ती पुष्कळ वाढते. कागदावर दोन्ही ‘१७-४ पीएच’च. ऑर्डरमध्ये अवस्था लिहिलेली नसेल तर माल स्वीकारू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

फेरिटिक ४३० मऊ असल्याने त्याच्यावर भारही सहसा कमी असतो. पण त्यात हायड्रोजन झपाट्याने पसरतो, आणि वेल्डजवळ कण मोठे झाले की तो ठिसूळ व्हायला वेळ लागत नाही.

ऑस्टेनिटिक घराणं, ३०४, ३१६, ३१०, या बाबतीत सगळ्यांत भरवशाचं मानलं जातं. बव्हंशी ते खरंही आहे. कारण समजण्यासाठी एक हिशेब पाहा. साध्या तापमानाला कडक मार्टेन्साइटमध्ये हायड्रोजनला १ मिलिमीटर आत जायला साधारण काही तास लागतात, शुद्ध लोखंडात तर काही मिनिटंच. ऑस्टेनाइटमध्ये तेवढ्याच अंतराला शंभर वर्षांच्या घरात वेळ लागतो. अणूंची मांडणी बदलली की एवढा फरक पडतो. ऑस्टेनाइट हायड्रोजन पोटात जास्त साठवतो, पण हलू देत नाही.

मात्र ३०४ मध्ये एक खोच आहे आणि नवखे तिथेच फसतात. त्याचं ऑस्टेनाइट पुरतं स्थिर नसतं. थंड अवस्थेत वाकवलं, दाबलं, ओढलं की त्याचा काही भाग मार्टेन्साइट होतो. एक चुंबक घ्या. ३०४ च्या सपाट पत्र्याला तो जवळजवळ चिकटत नाही. त्याच पत्र्याच्या तीव्र बाकावर धरा, ओढ जाणवेल. जिथे ओढ जाणवली तिथे हायड्रोजनला जलद रस्ता तयार झालाय आणि ठिसूळ होणारा धातूही. भेगेच्या टोकाशी भाराखाली असा बदल आपोआपच घडतो. उणे ५० ते उणे ७० अंशांच्या आसपास हा परिणाम सर्वात वाईट असतो, कारण गारव्यात मार्टेन्साइट सहज बनतो, आणि त्याहून खूप खाली गेलं की हायड्रोजनच्याच हालचाली मंदावतात.

ऑस्टेनाइटला स्थिर ठेवण्याचं काम मुख्यतः निकेल करतं. ३०४ मध्ये ते ८ ते १०.५ टक्के, ३१६ मध्ये १० ते १४ टक्के, ३१० मध्ये १९ ते २२ टक्के. ३१६ ची खालची मर्यादा नीट पाहा: १० टक्के निकेलचा मालही नियमाने ३१६च आहे. म्हणून उच्च दाबाच्या हायड्रोजनसाठी ३१६एल (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) मागवताना निकेल १२ टक्के किंवा जास्त हवं अशी अट घालतात आणि प्रमाणपत्रावरचा प्रत्यक्ष आकडा वाचतात. ग्रेडचं नाव वाचून थांबत नाहीत.

ड्युप्लेक्स, म्हणजे २२०५ आणि त्याच्या वरचे सुपर ड्युप्लेक्स, यात अर्धं फेराइट आणि अर्धं ऑस्टेनाइट शेजारी शेजारी असतं. हायड्रोजन फेराइटमधून धावतो, भेग फेराइटमध्ये पडते आणि ऑस्टेनाइटची बेटं तिला अडवतात. बेटं जवळजवळ असली, साधारण ३० मायक्रॉनच्या आत, तर अडवणूक चांगली होते. जाड फोर्जिंगमध्ये ती दूर दूर जातात आणि भेगेला मोकळं रान मिळतं. समुद्रातल्या पाइपलाइनच्या जोडांवर हे घडलं. साध्या पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी लावलेले ॲल्युमिनियमचे ॲनोड सगळ्या रचनेला सुमारे उणे १.०५ व्होल्टवर आणतात, आणि त्या विभवाला (विद्युत पातळीला) ड्युप्लेक्सच्या उघड्या पृष्ठभागावर सतत हायड्रोजन तयार होतो. गंजापासूनचा उपाय इथे हायड्रोजनचा उगम ठरला. डीएनव्ही या मानकं लिहिणाऱ्या संस्थेची एफ११२ ही शिफारस याच अडचणीसाठी लिहिली गेली.

तिसरी पायरी: हायड्रोजन कुठून आला याचा माग काढा

तुकड्याचा जन्मापासूनचा प्रवास एका कागदावर लिहून काढा. प्रत्येक टप्प्यापुढे एकच प्रश्न विचारा: इथे धातूवर हायड्रोजनचे अणू तयार झाले का?

पिकलिंगमध्ये (ॲसिडने सफाई करताना) हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिड असेल तर हो. पॅसिव्हेशनच्या (ऑक्साइडचा पापुद्रा पक्का करण्याच्या) नायट्रिक ॲसिडमध्ये धोका बराच कमी, कारण ते ऑक्सिडायझिंग आहे. प्लेटिंगमध्ये काम कॅथोडला, म्हणजे ऋण टोकाला टांगलेलं असतं आणि हायड्रोजन तिथेच सुटतो. स्टेनलेसवर थर बसावा म्हणून आधी जो वूड्स निकेल स्ट्राइक (निकेलचा पहिला पातळ थर) देतात, त्यात निकेल क्लोराइडबरोबर भरपूर हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि बुडबुडे डोळ्यांना दिसतात. माझ्या क्लिपांचं दुखणं त्या टाकीतलं होतं. इलेक्ट्रोपॉलिशिंगमध्ये उलट, काम ॲनोडला असतं, त्यामुळे ती प्रक्रिया या बाबतीत सौम्य. एकाच कारखान्यात शेजारच्या दोन टाक्या दिसायला सारख्या असतात, पण तारा कुठे जोडल्या आहेत यावर सगळं ठरतं. जाऊन तारा पाहा.

वेल्डिंगमध्ये ओलसर इलेक्ट्रोड, तेलकट कडा, दमट हवा. शिवाय शील्डिंग वायू (वेल्डला हवेपासून वाचवणारा) तपासा. ऑस्टेनिटिक स्टेनलेससाठी आर्गॉनमध्ये २ ते ५ टक्के हायड्रोजन मिसळण्याची पद्धत आहे, वेल्ड स्वच्छ आणि खोल जातो. तोच सिलिंडर कुणी मार्टेन्सिटिक, फेरिटिक किंवा ड्युप्लेक्सच्या कामाला लावला तर भेगा पडतात. सिलिंडर बदलताना झालेली ही चूक वेल्ड पाहून कळत नाही.

वापरातले उगम म्हणजे उच्च दाबाचा हायड्रोजन, कॅथोडिक संरक्षण (वर सांगितलेले ॲनोड), हायड्रोजन सल्फाइड, आणि स्टेनलेसला साधं पोलाद, ॲल्युमिनियम किंवा जस्त लागून ओल राहिल्यावर चालू होणारा गॅल्व्हॅनिक प्रवाह.

चौथी पायरी: ताण आणि वेळ

हायड्रोजन, त्याला बळी पडणारा धातू आणि ओढीचा ताण, हे तिन्ही एकत्र आले तरच तडा जातो. यातला ताण नेहमी बाहेरून लावलेलाच असतो असं नाही. वेल्ड गार होताना उरलेला, वाकवल्यावर आत अडकलेला, धागा काढताना मुळाशी साठलेला ताणही पुरेसा होतो.

आणि वेळ. अणू भेगेच्या टोकापर्यंत पोचायला अवधी लागतो, म्हणून तुटणं उशिरा येतं. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे पुलाच्या नव्या भागावर मार्च २०१३ मध्ये ९६ जाड सळया ताणल्या आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या ३२ तुटल्या. त्या स्टेनलेस नव्हत्या, जस्ताचा थर दिलेल्या उच्च मजबुतीच्या पोलादाच्या होत्या, आणि ताणण्याआधी त्या बसवलेल्या नळ्यांमध्ये पाणी साचलं होतं. पण हा विलंब कसा असतो ते समजायला हे उदाहरण उत्तम आहे.

यातूनच तपासणीचा एक मोठा सापळा तयार होतो. साधी टेन्साइल (ओढून तोडण्याची) चाचणी काही मिनिटांत संपते, चार्पी या आघात-चाचणीचा हातोडा तर क्षणार्धात आदळतो. हायड्रोजनला जमा व्हायला वेळच मिळत नाही आणि आजारी धातू पास होतो. ‘चार्पी चांगली आली’ हे हायड्रोजनच्या बाबतीत उत्तरच नव्हे.

पाचवी पायरी: तुटलंच असेल तर

दोन्ही तोंडं पुन्हा जुळवून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. जुळवताना कणांच्या कडा घासल्या जातात आणि पुरावा जातो. वायर ब्रश नको, बोट फिरवणं नको. कोरडं करून स्वतंत्र पिशव्यांत ठेवा. हायड्रोजन मोजायचा असेल आणि धातू मार्टेन्सिटिक असेल तर तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर टेबलावर पडल्या पडल्या तो निघून जातो. ऑस्टेनिटिकमध्ये ही धावपळ लागत नाही, तो आत अडकूनच बसतो.

आधी भिंगाखाली पाहा. निरोगी धातू ओढून तुटला की तुटण्याच्या जागी त्याची मान बारीक होते आणि तोंड राखाडी, तंतुमय दिसतं. हायड्रोजनने तुटलेल्या कडक स्टेनलेसचं तोंड चमचमीत, दाणेदार असतं, मान जवळजवळ बारीक होत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे पैलू सुटे दिसतात. ऑस्टेनिटिकमध्ये चित्र एवढं स्वच्छ नसतं: सपाट तुकडे, पट्टे, मधूनच खळगे.

मग दोन संशयित वेगळे करा. क्लोराइडमुळे होणारी ताण-गंज भेग झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाते आणि ३०४, ३१६ मध्ये सहसा ६० अंशांच्या वरच्या वातावरणात भेटते. हायड्रोजनची भेग सहसा कमी फाटे फोडते आणि साध्या तापमानालाच जोरात असते. शंका उरली तर विद्युत विभवाचा धागा धरा. विभव ऋण बाजूला नेल्यावर क्लोराइडची भेग थांबते, हायड्रोजनची वाढते. फॅटिगची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन तुटण्याची, शक्यता तोंडावरच्या समांतर लाटांनी तपासा, पण लक्षात ठेवा, हायड्रोजन फॅटिगच्या भेगेचाही वेग वाढवतो, त्यामुळे दोघं एकत्र सापडू शकतात.

शेवटी कडकपणा मोजा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर अर्धा तपास तिथेच झाला.

सहावी पायरी: बचाव

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे गरजेपेक्षा जास्त मजबुती न मागणं. आयएसओ १५१५६ या हायड्रोजन सल्फाइडच्या वातावरणासाठीच्या मानकात ४१० सारख्या ग्रेडला २२ एचआरसीची (रॉकवेल सी मापावरच्या कडकपणाची) मर्यादा आहे, आणि १७-४ पीएच ला एच११५० चा टेम्पर दोनदा देऊन ३३ एचआरसीच्या आत ठेवायला सांगितलंय. तुमचं वातावरण वेगळं असलं तरी हे आकडे विचाराला चांगली सुरुवात देतात.

प्लेटिंग टाळता येत असेल तर टाळा. स्टेनलेसला थर कशाला हवा, हा प्रश्न ड्रॉइंग करणाऱ्याला जरूर विचारा. सफाईला ॲसिडऐवजी वाळूचा मारा किंवा अल्कलीची ॲनोडिक सफाई चालते का पाहा.

थर द्यावाच लागला तर बेकिंग. कडक मार्टेन्सिटिक भागांसाठी १९० ते २२० अंश, मजबुतीप्रमाणे ८ ते २४ तास, आणि टाकीतून काढल्यावर साधारण ४ तासांच्या आत भट्टीत. ही वेळ गेली की आत सूक्ष्म भेगा पडू लागतात, आणि भेग बेकिंगने भरून येत नाही. भट्टीचं तापमान आधीच्या टेम्परिंगच्या खालीच हवं, नाहीतर कडकपणाच उतरेल. कामं भट्टीत दाटीवाटीने रचू नका. घड्याळ भट्टी तापल्यापासून नाही, मधलं काम तापल्यापासून लावा.

ऑस्टेनिटिक भागाला हीच बेकिंग देऊन समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. वरचा हिशेब इथे पुन्हा लावा. २०० अंशांना ऑस्टेनाइटमध्ये १ मिलिमीटरला दहा-बारा दिवस लागतात, ३०० अंशांना साधारण एक दिवस. उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये गरम अवस्थेत वर्षानुवर्षं राहिलेल्या जाड नळीतून तो काढायचा असेल तर एवढ्या तासांची बेकिंग केवळ कातडीला लागते. टाकीतल्या थोड्या वेळात शिरलेला हायड्रोजन मात्र कातडीतच असतो, तिथे प्रश्न सहसा एवढा गंभीर होत नाही.

वेल्डिंगला कोरडे इलेक्ट्रोड, मार्टेन्सिटिकसाठी प्रीहीट (आधी तापवणं) आणि नंतरचा टेम्पर, आणि वर सांगितलेला सिलिंडरचा नियम. डिझाइनमध्ये खाचांना मोठी त्रिज्या, कापलेल्यापेक्षा रोल केलेले धागे. ड्युप्लेक्स समुद्रात जाणार असेल तर ॲनोडच्या जोडणीजवळचे फिलेट (कोपऱ्यातले) वेल्ड आणि कोटिंगच्या कडा दोनदा तपासा.

सातवी पायरी: खात्री करायची ती हळू

हायड्रोजनला वेळ देणाऱ्या चाचण्या निवडा. दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये अतिशय सावकाश ओढून तुटण्याच्या जागचं क्षेत्रफळ किती घटलं ते मोजा, तेच हवेत किंवा हेलियममध्ये मोजा, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढा. १ च्या जवळ असेल तर धातूला हायड्रोजनची फारशी पर्वा नाही. १ च्या पुष्कळ खाली गेलं तर ग्रेड बदला.

प्लेटिंगच्या टाकीसाठी एएसटीएम या मानकसंस्थेच्या एफ५१९ ची पद्धत आहे. मुद्दाम अतिकडक केलेले, खाच पाडलेले ४३४० पोलादाचे नमुने तुमच्या कामाबरोबरच त्या टाकीतून आणि भट्टीतून काढतात, मग खाचेसकट तुटण्याच्या भाराच्या ७५ टक्के भाराखाली २०० तास टांगून ठेवतात. एकही तुटला नाही तर प्रक्रिया पास. हे नमुने स्टेनलेसचे नसतात. तुमच्या धातूपेक्षा जास्त नाजूक असलेला धातू टाकीतून सुखरूप बाहेर आला का, एवढंच ते सांगतात.

एवढी सोय नसेल तर प्रत्येक लॉटमधले काही भाग प्रत्यक्ष वापरात लागतील त्याहून थोडे जास्त ताणून बसवा आणि तसेच सोडा. क्लिप असेल तर जाड मापाच्या शाफ्टवर, बोल्ट असेल तर पाचरीच्या वॉशरवर, म्हणजे डोक्याखाली वाकण्याचा ताण येईल. निदान ४८ तास हात लावू नका. नंतर भिंगाने प्रत्येक खाचेचं मूळ पाहा, आणि लॉटचं कार्ड त्यानंतरच सही करून पुढे द्या.